डाव्या हाताची मोजणी

१८ जानेवारी

लेक फोनवर म्हणाली, "आई, माझं डोकं खाण्यापेक्षा लिहून काढ." म्हणून ही डायरी. शाळेतून मिळालेली, गेल्या वर्षीची. तारखा चालतील, वार चुकीचे आहेत.

ह्यांना पक्षाघाताचा झटका आला त्याला आज तिसरा दिवस. सकाळी तलावावरून आले, दारात हातातली पिशवी पडली, उचलायला वाकले ते तिथेच बसले. तोंड एका बाजूला वाकडं. तीस वर्षं ह्या माणसाने माझी चेष्टा करण्यात घालवलीत. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "पुरे झालं नाटक, उठा." हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, म्हणून डावा हात गेला आणि डावा पाय अर्धा गेला. बोलणं जड झालंय, पण कळतं सगळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. त्या माझ्या शाळेतल्या मुलींएवढ्याच दिसतात, त्यामुळे त्यांनी काही सांगितलं की मला वही तपासावीशी वाटते.

खाटेजवळ एकच खुर्ची आहे. मी तिच्यावर बसते, उठते, चादर ओढते, पाण्याची बाटली भरून आणते, भरलेलीच असते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आज मला हात जोडले, "बाई, बसा हो एकदाच्या."

१९ जानेवारी

आज सोन्यासारखा दिवस! कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय.

आधी हे लिहायला हवं की हे पोहायला शिकवतात. मुलं पाण्यात असली की हे कडेला उभे राहतात, उजव्या हातात वेळ मोजायचं घड्याळ, आणि मुलाने एक हात मारला की डाव्या हाताची बोटं मांडीवर एकदा आपटतात. असे हात मोजतात. ही सवय घरापर्यंत आली आहे. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, माझं बोलणं ऐकत असल्याचा आव आणताना टेबलावर टक टक चालूच. माझा जीव जातो त्या आवाजाने.

तर आज दुपारी तो डावा हात चादरीवर पडला होता, लाकडासारखा. आणि अंगठा हलला. मग शेजारची दोन बोटं. टक, टक, टक, एका लयीत! मी आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. "अहो, कोणाला पाण्यात उतरवलंय? किती हात झाले?" त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांचेही डोळे भरून आले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर तळव्याखालीही बोटं चालूच. हट्टी माणूस! मिनिटभराने आपोआप थांबली आणि हात पुन्हा पडला, आधीपेक्षाही ढिला. दमले असणार.

सिस्टर दुसऱ्या खाटेशी होत्या. आल्या तोवर संपलं होतं. मी म्हटलं, "ह्यांचा हात हलला!" त्या म्हणाल्या, "वा, छान, येईल हळूहळू ताकद." लेकीला फोन केला, ती तिकडे रडली. शेजारच्या आजोबांनाही सांगितलं. त्यांनी पुन्हा हात जोडले, पण ह्या वेळी हसून.

२२ जानेवारी

हात परत हलला नाही. आज म्हटलं, "मोजा ना, परवासारखं." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला राग आला आणि मग स्वतःचाच राग आला.

२९ जानेवारी

घरी सोडलं. काठी, गोळ्या, व्यायामाचा कागद आणि वर एक नवीन काळजी.

निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "झटका येऊन गेलेल्या काही जणांना पुढे आकडी यायला लागते. मेंदूत जिथे इजा झाली तिथला व्रण गप्प बसत नाही. कोणाला येईल हे छातीठोक सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो." मग त्यांनी पाच प्रश्नांचं कोष्टक काढलं. झटका किती मोठा होता, मानेतली मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली होती का, मेंदूच्या वरच्या थराला इजा आहे का, ती नेमक्या कोणत्या वाहिनीच्या हद्दीत आहे, आणि पहिल्या सात दिवसांत आकडी आली होती का. प्रत्येकाला गुण. नऊपैकी जितके कमी तितकं चांगलं. जन्मभर गणिताचे पेपर तपासले, पण कमी गुणांसाठी देव पाण्यात ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली.

"आकडीच्या प्रश्नाला एकट्याला तीन गुण आहेत," त्या म्हणाल्या. "वॉर्डात तशी नोंद नाही. पण तुम्ही सतत जवळ होतात. अंग आखडणं, हिसके, शुद्ध हरपणं असं काही दिसलं?"

"छे! मी जागची हलले नाही. तसलं काही नाही," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात मांडीवरची काठी घसरली आणि मी ती उचलायला वाकले.

चार गुण पडले. म्हणजे असे शंभर जण घेतले तर पाच वर्षांत त्यातल्या साधारण दहा-बारा जणांना आकडी येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काही फार नाही. मी वर्गात पिशवीतले चेंडू काढून शक्यता शिकवते. शंभर चेंडू, बारा काळे, काळा निघण्याची शक्यता सांगा. मुलं चटकन सांगतात. पिशवीत हात आपल्या माणसाने घालायचा असेल तेव्हा काय करायचं, हे पुस्तकात नाही.

१० फेब्रुवारी

न्हाणीघराची कडी काढून टाकली. आता नियम असा की आंघोळ करताना हे सतत बोलत राहतील आणि मी बाहेर उभी राहून ऐकेन. पहिल्या दिवशी बातम्या दिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरच्या सगळ्यांची नावं क्रमाने घेऊन प्रत्येकाचा एक दोष सांगितला. आज आतून सूचना चालू होत्या, "कोपर वर! श्वास बाजूला! डोकं आत! बाहेर उभ्या असलेल्या बाई, तुम्ही जाऊन चहा टाका!"

हसू आलं, पण जागची हलले नाही. मधे साबण लावताना क्षणभर गप्प झाले तर मी दार ढकलून आत. "अगं, तोंडात फेस गेला," म्हणाले. फेस हा शब्द ऐकून मी टॉवेलने त्यांचं तोंड पुसून पुसून बघितलं, आणि हे मात्र मला बघून पोट धरून हसत होते.

१ मार्च

काठी सुटली. बादलीत स्पंज बुडवून पिळायचा व्यायाम आहे, तो डाव्या हाताने जमायला लागलाय. अंगठा अजून आळशी आहे.

तलावाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. म्हणाले, "मुलं रोज विचारतात, सर कधी येणार. जागा मी धरून ठेवलीय, पण सुट्ट्यांचे वर्ग सुरू व्हायच्या आत डॉक्टरांची चिठ्ठी हवी." हे फोनवर एकदम फॉर्मात. "चिठ्ठी आणतो, पहिल्याच दिवशी खोल पाण्यात उडी मारतो, बघाच तुम्ही."

फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ डाव्या हाताकडे बघत बसले. मी विचारलं, "दुखतोय का?" तर म्हणाले, "दुखत असता तर बरं झालं असतं." ह्यांचं बोलणं हल्ली कोड्यात असतं.

१९ मार्च

ह्या माणसाचं काही कळत नाही. गेले दोन महिने पाण्याच्या नावाने जप चालू आहे. घरात माणूस सुकत चाललाय, दिवसभर पडदा ओढून बसतो, हे माझं मला दिसतं. म्हणून मीच आज रिक्षा करून तलावावर घेऊन गेले, म्हटलं उथळ भागात पायऱ्यांवर बसून पाय तरी भिजवा, मी आहे, व्यवस्थापक आहेत.

तर आधी टॉवेल विसरला. टॉवेल मिळाला तर पोहायच्या चष्म्याचा पट्टा सैल. पट्टा घट्ट केला तर पाणी गार आहे. गार! थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यात उतरून मुलांना "लाज वाटते का कुडकुडायला" म्हणणारा हा माणूस. पहिल्या पायरीवर घोटे बुडले, तिथे घोडं अडलं. डावा हात उजव्या हातात घट्ट धरून उभे.

घरी येताना मी भांडले. "चार गुण पडलेत तुम्हाला, चार! किती घाबरायचं?" आकडी म्हटलं की मीच दचकत होते, आणि आता मीच ढकलतेय. पण घरात बसून तो माणूस संपेल, हे मला आकडीपेक्षा जास्त खरं वाटतं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तुझं बरोबर आहे." ह्यांनी असं म्हटलं की समजावं काहीतरी बिनसलंय.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी मागितली. त्यांनी लगेच दिली नाही. "रस्त्यावर आकडी आली तर माणूस पडतो, लोक धावतात. पाण्यात आली तर आवाजही होत नाही. आणि ह्यांच्या हातात तेव्हा एखादं लहान मूल असेल," म्हणाल्या.

आता मेंदूचा विद्युत आलेख काढायचा. तो स्वच्छ निघाला तर, चारच गुण आहेत म्हणून, चिठ्ठीचा विचार करू म्हणाल्या. हे खिडकीबाहेर बघत होते.

९ एप्रिल

आलेख काढून आलो.

काढणारे तंत्रज्ञ गोल, बडबडे गृहस्थ. टेपने डोकं मोजलं, रंगीत पेन्सिलने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर चिकट लेप लावून तारा बसवल्या. हे म्हणाले, "नवरदेव झालो." तंत्रज्ञ म्हणाले, "ह्या मांडवात नवरदेवाने हलायचं नाही."

तारा लावता लावता त्यांचे प्रश्न चालू होते, सगळ्यांना विचारतात ते. मध्येच शून्यात बघता का, तोंडाला मुंग्या येतात का, हात किंवा चेहरा आपोआप हलतो का. मी प्रत्येकाला नाही म्हणत गेले. मग ते म्हणाले, "हाताचं लोकांना पटकन लक्षात येत नाही. सवयीने बोटं वाजवत असेल माणूस, तर आपण हात धरला की थांबतो. आकडीचा असेल तर धरला तरी आत चालूच राहतो. तसं काही?"

"नाही," मी म्हटलं.

मग दिवे मंद केले आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी बसले नाही. त्या बोळात आठ दारं आहेत आणि तिसऱ्या दाराची पाटी तिरकी आहे. ती सरळ केली. परत तिरकी झाली. परत केली.

आलेख स्वच्छ निघाला. लेक आनंदाने ओरडली. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. घरी आल्यावर मी डबे काढून पुसले, सगळी फळी पुसली, मग पुसलेले डबे परत पुसले. ह्यांनी विचारलं, "पाहुणे येणार आहेत का?"

११ एप्रिल

सकाळी हे वर्तमानपत्र वाचत होते. उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजत होती, डाव्याचं काम हल्ली उजव्याकडे आलंय. मी चहा ठेवता ठेवता त्यांच्या हातावर हात ठेवला.

लगेच थांबला.

दुपारी पुन्हा वाजायला लागली. साखरेचा कण पुसल्यासारखं करून परत हात ठेवला. थांबला. जेवताना परत. "काय चाललंय तुझं?" म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही, प्रेम आलंय." ते हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

लिहायचंच तर सरळ लिहिते. दवाखान्यात तो हात थांबला नव्हता. मी तळवा ठेवला होता आणि खाली बोटं चालूच होती. ज्या हाताला चमचा धरता येत नव्हता, तो लयीत मोजणी कसा करेल, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडला नाही. त्या सबंध महिन्यातला माझा एकच आनंदाचा दिवस होता तो. लेकीला फोन करून रडवलं होतं. आता तोच दिवस परत द्यायचा का?

आणि दिला तर चाराचे सात होतात. चिठ्ठी गेली, तलाव गेला. ते परत पडदा ओढून बसतील, आणि ह्या वेळी पडदा मी ओढलेला असेल. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. आलेख स्वच्छ आहे. हे सगळं मी दिवसभर स्वतःला सांगतेय, खोल्यांमधून येरझाऱ्या घालत. पण मुलांच्या पेपरात मी हे नेहमी पाहते. रीत चोख, आकडेमोड चोख, आणि दिलेली माहितीच वरून चुकीची उतरवलेली. अशा उत्तराला मी आजवर एकही गुण दिलेला नाही.

१४ एप्रिल

सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. चिठ्ठीचा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरच्या शिपाईबाईंनी डोकावून बघितलं. "पहिल्या आठवड्यात काही दिसलं का, असं तुम्ही विचारलं होतंत. चौथ्या दिवशी ह्यांचा डावा हात हलत होता. लयीत. मी धरला तरी थांबला नाही. मला वाटलं, हे पोहणाऱ्यांचे हात मोजताहेत. आणि कदाचित मोजतही असतील, हो ना? अहो, तुम्ही सांगा ना. तुम्ही मोजत होता ना?"

मी अजून आशा लावून बसले होते.

ह्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. "मी मोजत नव्हतो," म्हणाले.

मग तेच डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "हात माझा नव्हताच तेव्हा. आपला आपण चालला होता. मी थांब म्हणत होतो, थांबत नव्हता. जन्मात एवढा घाबरलो नाही. आणि ही समोर हसतेय, रडतेय, माझ्या हातावर हात ठेवून विचारतेय, किती झाले. चार दिवसांत पहिल्यांदा हसली होती. तिला काय सांगणार होतो? नंतर सांगू म्हटलं. नंतर तुम्ही गुण मोजायला बसलात, तेव्हाही तोंड उघडलं होतं. मग तलावाचा फोन आला, आणि मग..." तिथे त्यांनी कोष्टकाकडे बोट केलं. "मग मलाही चारच बरे वाटायला लागले. फक्त पायरीवर पाय पुढे जाईना."

टॉवेल, चष्म्याचा पट्टा, गार पाणी. मी त्या दिवशी रिक्षात किती बोलले ह्यांना.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चाराला काट मारून सात लिहिले. म्हणाल्या, स्वच्छ आलेख म्हणजे हमी नव्हे, तो फक्त तेवढ्या वेळापुरता मेंदूचा फोटो असतो. आता असे शंभर घेतले तर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यांना आकडी येते. निम्म्यांना येत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. गोळी आत्ताच सुरू करायची का ते घाई न करता ठरवू. आकडी आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. आणि पाण्यात उतरायचं नाही. "कडेवरून शिकवता येईल?" त्यांनी विचारलं. "पाण्यात दुसरं कोणी असेल तर?"

ह्यांनी डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

घरी चालत आलो. दोघांनाही रिक्षात बसवेना. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, "माझा तेवढा एक दिवस चांगला होता हो." आणि रस्त्यातच रडले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली आणि ह्यांच्याकडे रागाने बघायला लागली. हे तिला म्हणाले, "मी काही केलं नाही, गणित चुकलंय तिचं." तिला काहीच कळलं नाही. मला रडता रडता हसू आलं.

१५ एप्रिल

पडदा ओढलेला. मीही उघडला नाही.

२० एप्रिल

ह्यांनी स्वतः व्यवस्थापकांना फोन केला. आज फॉर्म नव्हता, साधं बोलले. आकडीचा धोका आहे, पाण्यात उतरणार नाही, ठेवायचं तर कडेला ठेवा, नाहीतर तसं सांगा. सांगताना डावा हात उजव्यात धरला नव्हता.

३ मे

सुट्ट्यांच्या वर्गाचा पहिला दिवस. पाण्यात ह्यांची जुनी विद्यार्थिनी आहे, आता स्वतः शिकवते. ह्यांना कडेला प्लास्टिकची खुर्ची, गळ्यात शिट्टी. पाण्याकडे बघताना डोळ्यांत काय होतं ते मी लिहीत नाही. ते मला आत उतरून आणून देता येणार नाही.

मला घरी बसवेना, म्हणून मीही शेजारी खुर्ची ओढली. दोनदा उठले, दोनदा बसवली गेले. एक बारकी मुलगी पलीकडून निघाली, पाणी इकडे तिकडे उडवत. हे पुढे वाकले. "कोपर! कोपर वर!" आणि मग माझं लक्ष खाली गेलं.

डावा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती. अंगठा मागे राहत होता, पण हलत होती. टक, टक, टक.

घड्याळ बघायचं ते सुचेना, कुशीवर वळवायचं ते सुचेना. मी हात पुढे केला आणि त्यांच्या हातावर तळवा ठेवला.

थांबला.

"अगं ए!" हे एवढ्या जोरात ओरडले की पाण्यातली मुलंही थांबली. "सतरावर होतो! घालवलीस ना मोजणी!"

पालक वळून बघायला लागले. मी सॉरी म्हटलं आणि पदराने तोंड पुसलं. त्यानंतर आणखी दोनदा मी हात ठेवला. दोन्ही वेळा थांबला, आणि दोन्ही वेळा मी बोलणी खाल्ली.